सातवा फर्मा

श्रावण, सन १९६६. रविवार, दुपारचे दोन. चिंचणी, माझ्या माहेरची मागची पडवी.

हजर: मी, वय चव्वेचाळीस, बोईसरच्या शाळेत मास्तरीण. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते. वहिनी. आणि हाकेच्या अंतरावर, मागच्या वाडीत, आमची काकी, वय बासष्ट. ती पानवेलीत विड्याची पानं खुडत होती. गैरहजर: काका. तो बेचाळीस वर्षं गैरहजर होता आणि बैठक त्याच्याबद्दलच होती.

मी वहीत इतकं लिहून घेतलं आणि वही पिशवीत ठेवली. बोईसरची शेवटची एसटी सहाला होती. चार तासांत निकाल लागायला हवा होता.

दादाच्या हातात सोळा पानांचं प्रूफ होतं. ते माझ्या कादंबरीचं होतं आणि त्याच्या हाती पडायला नको होतं.

कादंबरी मी स्वतःच छापून घेत होते. मुंबईच्या दोन प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं, तिसऱ्यानं उत्तरही दिलं नाही, तेव्हा मी पालघरला स्टेशनाजवळच्या एका छापखान्यात गेले. छापखाना लहान. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, इतकेच की एका वेळी एकच फर्मा, म्हणजे पुस्तकाची सोळा पानं, जुळवता येई. ती छापायची, खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या खान्यात टाकायचे, मग पुढची सोळा पानं. छापून झालेल्या फर्म्यात पुन्हा हात घालता येत नाही. माझे सहा फर्मे छापून झाले होते. सातवा जुळून तयार होता आणि त्यातच ती गोष्ट होती जिच्यासाठी मी कादंबरी लिहायला बसले होते. गणपती जवळ आले होते. मंडळांची पावतीपुस्तकं आणि आरत्यांची पुस्तिका छापायला मालकाला खिळे हवे होते. त्यानं मला सांगून ठेवलं होतं, सोमवारी बारापर्यंत प्रूफ तपासून आणा, नाही आणलं तर फर्मा मोडेन.

आमच्या भागात टपालावर फारसं कोणी विसंबत नाही. आपल्या बाजूचा माणूस दिसला की त्याच्या हाती वस्तू देतात आणि ती पोचतेच. दादा शुक्रवारी पालघरच्या कचेरीत आला होता. छापखान्याच्या मालकानं त्याला रस्त्यात हाक मारून पुडकं दिलं, "बहिणीचं आहे, जाता जाता बोईसरला टाका." दादानं ते गाडीत सोडून वाचलं. बोईसरला उतरला, माझ्या घरावरून गेला आणि थांबला नाही. शनिवारी निरोप आला: रविवारी ये. एकटी.

"हे खरं आहे का?" दादानं विचारलं.

"कादंबरी आहे."

"मी ते विचारलं नाही."

"खरं आहे."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "अगं बाई! मामंजींनी?"

"हळू," दादा म्हणाला आणि वाडीकडे पाहिलं. पानवेलीच्या मांडवाखाली काकीचं लुगडं दिसत होतं. "बाबा गेले तरी त्यांचा फोटो शाळेच्या भिंतीवर आहे. मी तिकडे वीजकेंद्राच्या बांधकामावर माणसं पुरवतो ती कोणाच्या नावावर? अमक्याचा मुलगा म्हणून. आणि तू छापून सांगणार, की तो माणूस असा होता."

"नावं नाहीत त्यात कोणाची."

"नावं नाहीत. पानवेल आहे, गवताचं गलबत आहे, दम्यानं अंथरुणावर पडलेली बाई आहे. चिंचणीत न ओळखण्याइतका खुळा कोण आहे?"

"वन्सं, निदान गाव तरी वसई करायचं होतंत," वहिनी म्हणाल्या.

कोणी हसलं नाही.

जे खरं होतं ते इथं क्रमानं सांगते.

काका तारापूरच्या खाडीतून गवत भरून निघणाऱ्या गलबतावर होता. १९२४ साली बाबांशी भांडून गेला तो परतला नाही. गलबत फुटलं असं कोणी सांगितलं, कोणी सांगितलं तो आधीच उतरला होता. काकी तेव्हा वीस वर्षांची, पदरी मूल नाही. ती कुंकू लावून वाट पाहत राहिली. पुढे माझी आई दम्यानं आजारी पडली आणि घर, आम्ही दोन भावंडं आणि पानवेल, सगळं काकीच्या अंगावर आलं. मला आईच्या हातचं जेवल्याचं आठवत नाही. न्हाऊमाखू, वेणी, गोवर, सगळं काकी.

१९३३ साली एक कार्ड आलं. मी अकरा वर्षांची होते. दादा पालघरला शिकायला होता. बाबांना सहीपुरतं येत असे, म्हणून घरातलं टपाल मी वाचायची. कार्ड वेरावळहून होतं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं, अक्षर गुजराती वळणाचं. मजकूर पाच ओळींचा. मी जिवंत आहे. लाकडाच्या वखारीत काम करतो. झालं गेलं विसरावं. माझ्या माणसाला सोबत बघून पाठवून द्यावं. मी बंदरावर उतरवून घेईन. माणूस म्हणजे बायको, आमची काकी.

मी ते ओटीवर बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग कार्ड घेऊन ते चुलीकडे गेले. परत आले तेव्हा हात रिकामे होते. "कोणाला बोलायचं नाही," म्हणाले. मी बोलले नाही.

तीन वर्षांनी बारा वर्षं पुरी झाली. बारा वर्षं पत्ता नसलेला माणूस गेला असं धरून त्याचं क्रियाकर्म करतात. देह नसतो, म्हणून पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. बाबा टाळत होते, पण भटजी आणि चार वडीलधारे मागे लागले, आणि का नाही करायचं हे सांगता येईना, म्हणून केलं. पानं तीनशे साठ लागतात. ती मोजायचं काम माझ्याकडे दिलं होतं, कारण मी मोजताना चुकत नसे. मी चौदा वर्षांची होते. मी पानं मोजली, तीनशे साठ भरली. त्या दिवशी काकीच्या बांगड्या फोडल्या आणि कुंकू पुसलं. तेव्हापासून दर पितृपक्षात काकाचं पान आमच्याकडे वाढलं जात होतं.

हे सगळं मी कादंबरीत घातलं होतं. एक गोष्ट सोडून. ती पुढे येईल.

"काकीला सांगितलंस?" दादानं विचारलं.

"पुस्तक झाल्यावर सांगणार होते. हातात देऊन."

"म्हणजे गाव वाचेल आणि मग ती."

 मी कामं नीट लावून ठेवणारी बाई आहे. छापखाना, कागद, मुखपृष्ठ, बांधणी, सगळ्याला दिवस नेमून दिले होते. काकीला दिवस दिलाच नव्हता.

"मी सांगतो ते ऐक," दादा म्हणाला. "उद्या जा आणि फर्मा मोड म्हणून सांग. ही सोळा पानं काढ. बाकीचं पुस्तक छाप, मी शंभर प्रती खपवतो."

"ही पानं काढली तर पुस्तक कशाचं?"

"ते तू बघ. लेखिका तू आहेस."

तेवढ्यात काकी आली. डोक्यावर पानांची टोपली, पाय उघडे, चिखलानं घोट्यापर्यंत भरलेले. पानवेलीत कोणी पायताण घालून जात नाही. टोपली उतरवून तिनं आमच्याकडे पाहिलं.

"काय गो बाय, कवा आलीस? आन तोंडं का अशी तुमची? कोन गेला?"

"कोणी नाही गेलं," दादा म्हणाला.

"वन्संनी गोष्ट लिहिलीय," वहिनी घाईनं म्हणाल्या. "छापून येणार आहे. तिचे कागद."

"हिची? मंग वाच की. मला दाखवाया नाय आनलीस?"

"काकी, मोठी आहे ती. कंटाळशील," दादा म्हणाला.

"तुजी सोसायटीतली भाषनं आयकते का नाय मी? ही पन आयकन." ती भिंतीला टेकून बसली, टोपली पुढ्यात ओढली आणि पानं निवडायला लागली. मोठी एकीकडे, लहान एकीकडे, डागाळलेली मांडीवर.

दादानं प्रूफ माझ्या हातात दिलं आणि देताना घट्ट धरून ठेवलं. सोळांतली पहिली सहा पानं एका लग्नाच्या वर्णनाची होती. ती वाचून वेळ मारून नेता आली असती. त्याच्या डोळ्यांत तेच होतं. मी कागद ओढून घेतले आणि पान एकशे तीनपासून सुरुवात केली.

लहानपणी मी काकीला टपाल वाचून दाखवायची तशीच वाचत गेले, न थांबता, एका सुरात. बाई आहे. तिचा नवरा गलबतावरून गेला आहे. बाई थोरल्या जावेची मुलं सांभाळते. काकीचे हात चालू होते. "अशी होती एक आमच्या माहेरला, वरोरला," मध्येच म्हणाली. मग पोस्टमन येतो. कार्ड येतं. कादंबरीत ते कार्ड पोस्टमनच थोरल्या दिराला वाचून दाखवतो. घरातली लहान मुलगी खांबाआडून बघते, तिला वाचता येत नसतं. थोरला दीर कार्ड चुलीत घालतो.

काकीचे हात थांबले.

मी शेवटपर्यंत वाचलं. पळसाची पानं, नारळ, बांगड्या. पान एकशे बारा. मग कागद मांडीवर ठेवले. वहिनी डोळे पुसत होत्या. दादा वाडीकडे बघत होता.

"त्या पोरीला वाचता येत नवतं?" काकीनं विचारलं.

मी कागदांच्या कडा जुळवल्या.

"पोस्टमननं वाचलं?"

"गोष्टीत तसं आहे."

"आपल्याकडला पोस्टमन ओट्यावर टपाल टाकून फुडं जायचा. कदी पानी प्यायला थांबला नाय मेला." ती एक पान हातात धरून त्याच्या शिरा बघत होती. "घरातलं टपाल तू वाचायचीस, बाय."

"हो."

"मंग ही गोष्ट हाय का?"

"नाही, काकी."

दादा उठला. "काकी, हे बघ, आई तेव्हा..."

"तू बस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. दादा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, दोनशे माणसं त्याच्या शब्दावर कामाला जात होती, तो बसला.

"काय लिवलं होतं? बराबर सांग. गोष्टीतलं नको."

पाच ओळी मला तोंडपाठ होत्या. मी सांगितल्या.

"पाठवून द्या, असं?"

"माझ्या माणसाला पाठवून द्यावं. बंदरावर उतरवून घेईन."

तिनं हातातलं पान टोपलीत ठेवलं. मग म्हणाली, "तेवीस सालात लगीन झालं, चोवीसात गेला. माजं माणूस म्हनायचा का तो मला, मला ठाव पन नाय."

"बाबांनी घरासाठी केलं," दादा म्हणाला. "आई तशी, आम्ही लहान. तू गेली असतीस तर..."

"मी गेली असती का नाय, ते मला कुनी इचारलं?" ती त्याच्याकडे वळली. "तुला न्हाऊ घालायला बाई पायजे होती. वाडीत राबायला पायजे होती. इचारलं असतं तर मी राहिली पन असती. पोरं टाकून कुटं जानार होती? पन इचारायचं होतं."

आता माझी पाळी होती आणि ती कोणी पुढे ढकलू शकत नव्हतं. मी म्हणाले, "बाबांनी जाळलं. पण मी सांगू शकले असते. बाबांच्या धाकानं नाही गप्प बसले. मला तू जायला नको होतीस."

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. कादंबरीत ती मुलगी निरक्षर केली ती त्यासाठी. तीनशे पानं लिहून मी माझ्याच वडिलांना पुढे उभं केलं होतं आणि स्वतः खांबाआड राहिले होते.

"अकरा वर्सांची होतीस," काकी म्हणाली.

मला वाटलं, सुटले.

"ते सोडलं. अकराव्या वर्साला पोर आईला धरून ठेवतंच. पन चवदाव्या वर्साला पानं कुनी मोजली?"

"मी."

"तीनशे साठ."

"हो."

"एक कमी हाय म्हनाली असतीस तरी चाललं असतं," ती म्हणाली. मग मांडीवरची डागाळलेली पानं झटकून उठली आणि विहिरीकडे गेली. पाणी ओढल्याचा आवाज येत राहिला. तिनं पाय धुतले, मग हंडा भरला, मग दुसरा भरला. घरात पाणी भरलेलं होतं.

साडेतीन वाजले. दादा माझ्याशी बोलेना. वहिनींनी चहा केला, काकीला विहिरीवर नेऊन दिला आणि कप भरलेलाच परत आणला. "घेत नाहीत," म्हणाल्या. "म्हणतात, ज्या दिवशी माझ्या बांगड्या फोडल्या, त्या दिवशी तो काय जेवला असेल."

पाच वाजता मी निघायची तयारी केली. प्रूफ पिशवीत घातलं. काय करायचं ते ठरवलं होतं: फर्मा मोड म्हणून सांगायचं. दादाच्या सांगण्यावरून नव्हे. तिच्या आयुष्याचं पुस्तक तिला न विचारता छापणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं.

काकी दारात आली.

"कुटं चाललीस?"

"गाडी आहे. काकी, मी हे छापणार नाही."

"का?"

"तुला विचारलं नव्हतं."

"मंग इचार."

मी पिशवी खाली ठेवली. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला हा प्रश्न तोंडातून काढायला इतका वेळ लागावा! "छापू का?"

"छाप," ती म्हणाली. दादा आतून काहीतरी म्हणाला. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. "पन त्या पोरीला वाचता येऊ दे. ती वाचती करून छाप. नायतर नको छापू. भाऊजींनी केलं ते लिव, आन तू केलंस ते पन लिव."

"बरं."

"आन दुसरं. पितरपाट म्हयन्यावर आला. मी तीस वर्सं त्याचं पान वाढते. तो हाय का नाय ते मला समजलं पायजे. असला तर जित्या माणसाचं पान वाढायचं नाय. नसला तर कोन्या तिथीला गेला ती तिथी पायजे. आपन जाळलं ती तिथी त्याची नाय. हे तू बघायचं."

"मी बघते."

"लिवून घे," ती म्हणाली. "तू लिवून घेतलंस म्हंजे करतेस."

मी वही काढून लिहून घेतलं. ती उभी राहून बघत होती.

सोमवारी अकराला मी छापखान्यात होते. मालकानं प्रूफ पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, फर्मा जुळल्यावर गोष्ट बदलते होय?"

"एवढंच एक बदलायचंय. पोस्टमनचा प्रसंग काढायचा, त्या जागी मुलगी कार्ड वाचते."

त्यानं ओळी मोजल्या. तेवीस. "तेवीसच्या तेवीस पाहिजेत. चोविसावी ओळ झाली की पुढचं सगळं सरकलं, मग मला गणपती झाल्यावर भेटा."

मी तिथंच स्टुलावर बसून लिहिलं. जुळारी खान्यांपाशी उभा राहून वाट बघत होता. पहिल्या खेपेला एकतीस ओळी झाल्या, कारण मी मुलीची बाजू मांडत होते: ती लहान होती, ती घाबरली होती, तिला आई नसल्यासारखीच होती. ते सगळं काढलं. मुलगी कार्ड वाचते. बाप पुन्हा वाचायला लावतो. ती पुन्हा वाचते. कार्ड जळतं. रात्री काकू तिला वेणी सोडून झोपवते आणि मुलगी मनाशी म्हणते, बरं झालं. तेवीस ओळी भरल्या. जुळाऱ्यानं त्या माझ्यासमोर खिळ्यात लावल्या आणि एकच्या सुमाराला फर्मा यंत्रावर चढला.

पुस्तक त्याच वर्षी दिवाळीत निघालं. दादानं शंभर काय, एकही प्रत खपवली नाही, आणि भाऊबीजेला माझ्याकडे येणं बंद केलं. बाबांचा फोटो शाळेच्या भिंतीवरून कोणी काढला नाही. लोकांनी वाचलं, चार दिवस बोलले आणि पुन्हा कामाला लागले. काकीनं आपली प्रत ट्रंकेत ठेवली आहे. मी गेले की ती मला पान एकशे सहा वाचायला लावते. बाकीचं नको म्हणते. अजूनही मला "बाय" म्हणते, पण माझ्या हातून डोक्याला तेल लावून घेत नाही.

वेरावळला मी तीन पत्रं लिहिली. पहिलं बंदरावरच्या लाकडाच्या वखारीला, मराठीतून. ते पत्ता अपुरा म्हणून परत आलं. दुसरं शाळेतल्या गुजराती बाईंकडून लिहवून घेतलं, तिथल्या पोस्टमास्तरांच्या नावे. उत्तर नाही. तिसऱ्याला एका वखारवाल्याचं उत्तर आलं: जुन्या वखारी तीन आहेत, चिंचणीकडचा एक म्हातारा कोणत्यातरी वखारीत होता असं ऐकतो, आहे की नाही सांगता येत नाही, स्वतः येऊन पाहावं.

हे उत्तर येऊन दोन वर्षं झाली. काकी पासष्ट वर्षांची आहे. तीन पितृपक्ष झाले, तिनं काकाचं पान वाढलेलं नाही आणि कपाळाला कुंकूही लावलेलं नाही. दर भाद्रपदात ती मला विचारते, "गेलीस का?" मी म्हणते, सुट्टी लागली की जाते. सुट्ट्या लागतात. विरमगामवरून गाडी आहे, दोन दिवस जायला, दोन यायला, सगळं मला ठाऊक आहे. तो जिवंत असेल आणि दारात येऊन विचारेल, कार्ड मिळालं होतं का, तर उत्तर मला द्यावं लागेल.

वेरावळला जाणं बाकी आहे.